भयाच्या काळांत श्रद्धेचें दार
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं वक्त्यानें गोड बोलावें, पूर्वजांची थोरवी गावी, आणि श्रोत्यांना वेळेवर जेवणास मोकळें करावें, असा आपल्याकडे रिवाज आहे. ह्यांपैकीं दुसरी व तिसरी गोष्ट मी यथाशक्ति करीन. पहिलीची मात्र हमी देतां येत नाहीं. कारण आपल्या पूज्य फादरांनीं मला जो विषय नेमून दिला आहे तो मुळांतच गोड नाहीं. भीतीच्या आणि दुहीच्या दिवसांत ख्रिस्ती माणसानें आपली श्रद्धा कशी जगावी, असा तो विषय आहे. मी धर्मशास्त्री नव्हे. तुमच्याच बाकावर बसणारा एक प्रापंचिक माणूस आहें. तेव्हां शास्त्राच्या खोल पाण्यांत न शिरतां, प्रभूच्या शुभवर्तमानांतील एक प्रसंग आणि आपल्या साष्टी बेटाच्या इतिहासांतील चार प्रसंग तुमच्यापुढें ठेवावे, एवढाच माझा हेतु आहे.

भीति हा शब्द मोठा वाटतो; परंतु ती आपल्या घरांत लहान लहान रूपांनीं शिरते. रात्रीं कोणीतरी फोनवर एखादें भयंकर चित्र पाठवितो. तें कोठलें, कधींचें, खरें कीं खोटें, हें न विचारतां आपण तें दहाजणांस पाठवितों, आणि मग दाराची कडी पुन्हां एकदां तपासून निजतों. कामावर निघालेली मुलगी विचारते, गाडींत गळ्यांतला क्रूस दिसूं द्यावा कीं झांकावा? घरांतील वडील माणूस म्हणतो, हें गांवठाण विकून आपण आपल्याच लोकांच्या इमारतींत जाऊं. तेथें तरी निश्चिंत झोंप येईल. जानेवारी २०२३ मध्यें माहीमच्या संत मायकलच्या दफनभूमींतील क्रूस मोडलेले आढळले, तेव्हां आपल्यापैकीं कितीजणांना प्रथम आपल्या आईबापांचें थडगें आठवलें असेल! ही भीति खोटी आहे, असें मी म्हणणार नाहीं. भय वाटणें हें पापही नव्हे. भय वाटल्यावर आपण काय करतों, हा खरा प्रश्न आहे.

प्रभूला क्रूसावर दिल्यानंतरचा प्रसंग तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. शिष्य एका घरांत दारें लावून बसले होते. ह्यांनीं प्रभूचा सहवास केला होता, त्याचे चमत्कार डोळ्यांनीं पाहिले होते, त्याच्यासाठीं प्राण देण्याच्या गोष्टीही बोलल्या होत्या. तरी ते भ्यालेच. त्या बंद दारांमागें प्रभु येऊन उभा राहिला. त्यानें त्यांना रागें भरलें नाहीं. पळून कां गेलां, असा जाब विचारला नाहीं. त्यानें त्यांना शांति दिली, आपल्या हातांचे व कुशीचे घाव दाखविले, आणि लागलेंच त्यांना जगांत पाठविलें. हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे: आधीं शांति, मग घाव, आणि मग पाठवणी. दार लावून बसलेल्यांना तो भेटावयास आला. परंतु दार लावूनच राहा, असें सांगावयास आला नाहीं. पुढें पेंटेकॉस्टच्या दिवशीं तींच भित्रीं माणसें भर रस्त्यांत उभीं राहिलीं, आणि नाना देशांच्या लोकांना आपापल्या भाषेंत त्यांचें बोलणें कळूं लागलें.

भय आपल्याला दार लावावयास सांगतें. श्रद्धा तेंच दार उघडावयास सांगते. आजच्या माझ्या बोलण्याचें सार एवढेंच आहे. आणि ही शिकवण कोठल्या दूरदेशींची नव्हे. ह्याच मातींत ती आपल्या पूर्वजांनीं, कधीं पाळून व कधीं मोडून, आपल्यासाठीं लिहून ठेविली आहे.

पहिला प्रसंग पहा. इ.स. १७३७ मध्यें मराठ्यांनीं साष्टी घेतली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांपुढें वसईचा किल्ला पडला. जिच्या सावलींत दोनशें वर्षें आपला धर्म वाढला होता, ती पोर्तुगीज सत्ता नाहींशी झाली, आणि तिच्याबरोबर युरोपीय पाद्री व त्यांचे मठही गेले. मागें कोण राहिलें? तर भातशेती करणारे, ताडमाडांवर चढणारे, खाडींत जाळें टाकणारे आपले वाडवडील. त्यांच्या मनांत काय आलें असेल? ज्यांच्याकडून धर्म मिळाला ते निघून गेले. आतां जे आले ते आपल्याला कसें वागवितील?

आणि नव्या धन्यांच्या मनांत राग असण्यास कारण नव्हतें, असें नाहीं. महोत्सवाच्या दिवशींही हें आपण लपवूं नये. पोर्तुगीज अमलांत ह्या बेटावरील हिंदूंचीं देवालयें पाडलीं गेलीं. बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या प्राचीन लेण्याचें ख्रिस्ती देऊळ करण्यांत आलें, आणि त्याच्या वर मठ उठला. मराठी राज्य आल्यावर त्या लेण्यांत पुन्हां शिवाची पूजा सुरू झाली. आज तेथें गेलांत तर महादेवापुढें दिवा तेवतांना दिसेल, आणि जवळच एका भिंतीवर कोरलेला क्रूसही दिसेल. त्या दगडापुढें उभें राहिल्यावर एक गोष्ट मनांत ठसते: दुसऱ्याचें भय वाढवून जें उभारलें जातें, तें आपलेंही भय वाढवितें. तलवारीच्या छायेंत उठलेले मठ तलवारीबरोबरच ढांसळले.

मग टिकलें काय? देवळें पुष्कळशीं ओस पडलीं. गांवें अनेक आणि पाद्री थोडे. परंतु जे एतद्देशीय धर्मगुरु उरले त्यांनीं आपल्या लोकांस सोडलें नाहीं, आणि लोकांनींही आपली प्रार्थना सोडली नाहीं. वाडीच्या तोंडाशीं क्रूस उभा होता; संध्याकाळीं त्यापुढें दिवा लागे, जपमाळ होई. घरोघर आजी नातवंडांना नमस्कार व विश्वासांगीकार शिकवी. फादर स्टीफन्स ह्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्येंच छापून झालें होतें, आणि फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश ह्यांचें पुराण तर उत्तर कोंकणच्या आपल्याच बोलींत रचलेलें. ज्याला लॅटिनचें अक्षर कळत नसे, त्यालाही प्रभूचें दुःखसहन मराठींतून कळे. धर्म जिभेवर आणि घरांत उतरला होता, म्हणून तो राज्य बदलल्यानें बुडाला नाहीं.

आणि ज्या शेजाऱ्यांचें एवढें भय वाटलें होतें, त्यांचें काय झालें? आंकतील द्यू पेराँ नांवाचा एक फ्रेंच विद्वान इ.स. १७६० च्या अखेरीस साष्टींत फिरला. मराठ्यांच्या अमलाखालीं ठाण्यास ख्रिस्ती लोक आपला सण मोकळेपणानें व थाटानें साजरा करतांना त्याला आढळले. म्हणजे भीति खरी होती, पण भीतीनें केलेलें भाकीत खोटें ठरलें. बंधूंनो, हा भेद मनांत जपून ठेवा. भीति खरी असूं शकते. तिचें भाकीत मात्र नेहमीं खरें ठरतेंच, असें नाहीं.

दुसरा प्रसंग रोगराईचा. अंधेरीकरांना कोंडिविट्याच्या जुन्या देवळाविषयीं मीं काय सांगावें? संत योहान बाप्तिस्त ह्याच्या नांवानें जेझुइट पाद्र्यांनीं १५७९ मध्यें बांधलेलें तें देऊळ १८४० च्या सुमारास साथीमुळें सोडावें लागलें, आणि लोकांनीं मरोळास आपलें धर्मकेंद्र हलविलें. पुढें १९७३ नंतर ती सगळी जागा आपण ज्याला सीप्झ म्हणतों त्या औद्योगिक क्षेत्रांत गेली. त्या भग्न भिंती आजही कारखान्यांच्या मध्यें उभ्या आहेत, आणि वर्षांतून एकदां भाविक तेथें प्रार्थनेस जमतात. आपल्या पूर्वजांनीं अडीचशें वर्षांचें देऊळ सोडलें, पण एकमेकांस सोडलें नाहीं. दगड मागें राहिले. धर्मग्राम पुढें चालूं लागला.

त्याहून कठीण परीक्षा १८९६ सालीं आली. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत वैद्यकी करणारे गोमंतकीय कॅथोलिक डॉक्टर आकासियु व्हिएगस ह्यांनीं मुंबईंतील प्लेग प्रथम ओळखून सांगितला. असली वार्ता सांगणारा कोणाला आवडतो? तरी त्यांनीं ती सांगितली, आणि सांगून पळून न जातां त्याच गल्ल्यांत रोग्यांची सेवा केली. पुढें १९०६ मध्यें ते मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले; धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आपण येतां-जातां पाहतोंच. प्लेगच्या भयानें त्या हिंवाळ्यांत जवळजवळ निम्में शहर रिकामें झालें. सरकारनें १८९७ मध्यें साथीचा कायदा केला. घरांची झडती होऊं लागली, रोग्यांस कुटुंबापासून दूर नेऊं लागले. मग अफवा उठल्या, कीं इस्पितळांत माणसांना मारूनच टाकतात. १८९६ च्या ऑक्टोबरांत आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला. लोक आजाऱ्यांना माळ्यावर लपवूं लागले, आणि लपविल्यानें रोग अधिकच पसरूं लागला.

बंधुभगिनींनो, रोगानें माणसें मेलीं हें खरें. पण अफवेनेंही मेलीं. त्या वेळीं तारयंत्र होतें, आज प्रत्येकाच्या खिशांत यंत्र आहे. अफवेचा स्वभाव मात्र बदललेला नाहीं. ती आपल्याला आपल्याच उपकारकर्त्याचा वैरी करते.

त्या दिवसांत बांद्र्याच्या क्रूसकन्या संघाच्या धर्मभगिनी प्लेगच्या इस्पितळांत शुश्रूषेस गेल्या. रोगी कोणत्या धर्माचा, हें प्लेग विचारीत नव्हता, आणि त्याही विचारीत नव्हत्या. आणि बांद्र्यापासून वर साष्टीच्या गांवागांवांत लोकांनीं क्रूस उभारले. आज रस्त्याच्या कडेला, कोठें इमारतींच्या मध्यें अडकलेले, कोठें रिक्षांच्या थांब्याशेजारीं, ते क्रूस उभे आहेत. कित्येकांवर त्या वर्षांचे आंकडे कोरलेले आढळतात. आपण त्यांवर झेंडूच्या माळा घालतों. पण हे क्रूस भयाच्या भर मध्यान्हीं, मेलेल्यांचें सुतक चालू असतां रोवलेले आहेत, हें विसरतों. आणि ते कोठें रोवले? घराच्या आंत नव्हे. वेशीवर, रस्त्यावर, विहिरीजवळ. जेथून सारा गांव जातो, तेथें. येणारा-जाणारा हिंदु शेजारीही तेथें हात जोडूं लागला. भीतीनें कुंपण घातलें असतें. श्रद्धेनें वेशीवर दिवा लावला.

आतां तिसऱ्या प्रसंगाकडे वळतांना जरा संकोच वाटतो, कारण तेथें दोष बाहेरच्यांचा नाहीं. ह्या मुंबई परगण्यांत शंभरांहून अधिक वर्षें आपणां कॅथोलिकांत दोन तट होते. पोर्तुगालच्या राजाला पोपांनीं दिलेल्या जुन्या अधिकाराखालीं चालणारा एक, त्याचें नांव पाद्रोआदो. आणि रोमच्या धर्मप्रसार मंडळाखालीं चालणारा दुसरा, त्याचें नांव प्रोपागांडा. विश्वास एक, मिस्सा एक, पोप एक. पण पाद्री कोणाचा, देऊळ कोणाचें, ह्यावरून भाऊ भावाशीं बोलेना. १७९४ मध्यें मुंबई बेटावरील देवळें दोन पक्षांत वांटून द्यावीं लागलीं. आणि १८५३ मध्यें माहीमच्या संत मायकलच्या देवळाच्या ताब्यावरून असा तंटा माजला, कीं बिशप हार्टमन आपल्या कांहीं माणसांसह देवळाचीं दारें लावून कित्येक दिवस आंत बसले, आणि बाहेरून लोकांनीं वेढा घातला.

थोडा विचार करा. ज्या माहीमच्या दफनभूमींत क्रूस मोडले म्हणून आपण २०२३ मध्यें व्याकुळ झालों, त्याच माहीमच्या देवळाला १८५३ मध्यें वेढा घालणारे कोणी परधर्मी नव्हते. ते कॅथोलिक होते. सकाळसंध्याकाळ जपमाळ करणारे होते. बंद दाराच्या आंतही ख्रिस्ताचे लोक, आणि बाहेरही ख्रिस्ताचेच लोक!

ही दुही १८८६ च्या करारानें कांहींशी आवरली, पण एकाच परगण्यांत दोन सत्ता राहिल्याच. अखेर १९२८ मध्यें रोम आणि पोर्तुगाल ह्यांच्यांतील करारानें दोन्ही तट एका आर्चबिशपांखालीं आले. परंतु कागदावर एकी होणें वेगळें आणि मनांत होणें वेगळें. मुंबईच्या आर्चबिशपपदावर एकदां पोर्तुगीज व एकदां इंग्रज बसावा, असें ठरलें होतें. ह्या पाळीनें १९३७ मध्यें आलेले आर्चबिशप रॉबर्ट्स इंग्रज होते. ह्या लोकांचा मेंढपाळ ह्या देशाचाच असावा, असें त्यांनीं मानलें. १९४६ मध्यें वॅलेरियन ग्रेशियस ह्यांना साहाय्यक बिशपांची दीक्षा मिळाल्यावर कारभार त्यांच्या हातीं सोंपवून रॉबर्ट्स मुंबईबाहेर राहिले, आणि १९५० मध्यें त्यांनीं पदही सोडलें. तेच ग्रेशियस १९५३ मध्यें पहिले भारतीय कार्डिनल झाले. शंभर वर्षें ज्या भांडणांत प्रत्येकजण आपली जागा धरून बसला होता, त्याचा खरा शेवट एका माणसानें आपली जागा सोडल्यानें झाला. दुही मिटविण्याचा ह्याहून सोपा मार्ग मला कोठें आढळलेला नाहीं, आणि ह्याहून कठीणही नाहीं.

त्या माहीमच्या देवळाचें पुढें काय झालें, तेंही सांगतों. १९४८ पासून तेथें दर बुधवारीं नित्य साहाय्यकारिणी मातेची नोव्हेना चालते. पहांटेपासून रात्रीपर्यंत लोकांची रीघ असते, आणि त्यांत हिंदु, मुसलमान, पारशी, सर्व असतात. मेणबत्ती लावतात, डोळे मिटून आपलें दुःख मातेला सांगतात. ज्या दाराला आपल्याच लोकांनीं वेढा घातला होता, तें दार आज सर्वांना उघडें आहे. देवाची करणी पाहावयाची असेल, तर ती अशी!

चौथा प्रसंग आपल्यापैकीं पुष्कळांनीं स्वतः पाहिला आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्यें ह्या शहरांत जें झालें त्याची चौकशी न्यायमूर्ति श्रीकृष्ण आयोगानें केली, आणि त्या दोन महिन्यांत ९०० माणसें मेल्याची नोंद केली. आपल्या अंधेरीला लागून असलेल्या जोगेश्वरींत, राधाबाई चाळींत, माणसें घरांत कोंडून जाळलीं गेलीं. त्या रात्रींच्या ज्वाळा कोणा एका जमातीच्या नव्हत्या. दोन्ही बाजूंचीं घरें जळलीं, दोन्ही बाजूंच्या मातांनीं टाहो फोडला. आपण ख्रिस्ती लोक त्या भांडणांत कोणत्याच बाजूचे नव्हतों. आणि नेमका येथेंच आपल्यापुढें मोह होता: हें आपलें भांडण नव्हे, खिडकी लावून घ्या, दिवा मालवा, मुलांना आंत ठेवा.

शुभवर्तमानांत दरोडेखोरांनीं लुटलेला माणूस रस्त्यांत पडला होता, तेव्हां त्याला टाळून पलीकडून गेलेले दोघेजण दुष्ट नव्हते. तेही भ्यालेलेच असावेत. लुटारू अजून जवळपास असतील, असें त्यांना वाटलें असेल. थांबला तो परका शोमरोनी. त्यालाही भय नव्हतें, असें कोठें लिहिलेलें नाहीं. पण त्यानें भयापेक्षां त्या माणसाकडे अधिक पाहिलें. ह्या शहरांतही त्या दिवसांत सर्व धर्मांचीं अशीं माणसें निघालीं, कीं ज्यांनीं शेजाऱ्याला आपल्या घरांत दडवून त्याचा जीव राखला. आणि सर्व धर्मांचीं अशींही निघालीं, कीं ज्यांनीं खिडकी लावून घेतली. तुमचें घर त्या वेळीं कोणतें होतें, हें मी विचारीत नाहीं. पुढच्या वेळीं कोणतें असेल, एवढेंच आपण प्रत्येकानें देवापुढें ठरवून ठेवावें.

मार्च २०२० मध्यें महामारीमुळें देवळांचीं दारें प्रत्यक्षच बंद झालीं, आणि ह्या राज्यांत तीं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंद राहिलीं. ईस्टरचा सण आपण घरांत बसून पाळला. प्रियजनांना चार माणसांत मूठमाती दिली. त्या वेळीं दार लावणें हें भ्याडपण नव्हतें, प्रेमच होतें. कारण तें दुसऱ्याचा जीव राखण्यासाठीं लावलें होतें. पण त्याच महिन्यांत ज्यांनीं शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याच्या उंबऱ्यावर जेवणाचा डबा ठेविला, त्यांनीं दार बंद असतांही उघडें कसें ठेवावें, हें आपल्याला शिकविलें. म्हणून मी ज्या दाराविषयीं बोलतों आहें, तें लांकडाचें नव्हे.

आतां उपदेशाचे चार शब्द बोलून मी आवरतें घेतों. भयाच्या काळांत आपण काय करावें?

पहिलें, घरांतील प्रार्थना पुन्हां सुरू करावी. १७३९ नंतर आपला धर्म राखला तो किल्ल्यानें नव्हे, संध्याकाळच्या जपमाळेनें. जें घर दिवसाकाठीं दहा मिनिटें एकत्र गुडघे टेकतें, त्याला रात्रींच्या बातम्या हलवूं शकत नाहींत. आपल्या मुलांना मराठींत प्रार्थना येत नसेल, तर दोष मुलांचा नव्हे.

दुसरें, जिव्हेला आणि बोटाला लगाम घालावा. जें आपण डोळ्यांनीं पाहिलें नाहीं आणि ज्याची शहानिशा केली नाहीं, तें कोणा जमातीविरुद्ध पुढें पाठविणें म्हणजे खोटी साक्ष देणें होय. आणि ती न देण्याची आज्ञा दहा आज्ञांत आहे. कुमसाराच्या वेळीं आपण शिव्या आठवतों, चुकलेली मिस्सा आठवतों. हें पाप मात्र आठवत नाहीं.

तिसरें, आपल्याच मांडवांतील कुंपणें काढावीं. ह्या धर्मग्रामांत आपण ईस्ट इंडियन आहों, वसईकर आहों, गोंयकार, मंगळूरकर, मलयाळी, तामिळ आहों. अहमदनगरकडून आणि मराठवाड्यांतून पोटासाठीं आलेले आपले मराठी ख्रिस्ती बांधवही आहेत. मराठी मिस्सेला किती वेळ द्यावा, फेस्तच्या मिरवणुकींत पुढें कोणी चालावें, समितींत कोणाचे किती, ह्यावरून उठणारीं भांडणें तुम्हां-आम्हांस ठाऊक आहेत. आम्ही ह्या भूमीचे मूळचे, असें म्हणतांना आपला ऊर भरून येतो. येवो, परंतु मूळच्या माणसाचें पहिलें काम पाहुण्यास पाट देण्याचें असतें. नगर जिल्ह्यांतून आलेला एखादा भाऊ देवळांत वर्षानुवर्षें शेवटच्या बाकावर बसतो आणि त्याचें नांव कोणास ठाऊक नसतें, तोंपर्यंत बाहेरच्या जगानें आपल्याला परकें मानलें अशी तक्रार आपण कोणत्या तोंडानें करावी? वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जपानांत गेला आणि तेथील भाषा शिकला. त्या भाषेच्या बळावर तो फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा दुभाषी आणि दीनदुबळ्यांचा सेवक झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ह्या दिवशीं नागासाकीस त्यांच्याबरोबरच क्रूसावर गेला. परक्याची भाषा बोलणाऱ्याला परका असा कोणी उरत नाहीं.

चौथें, शेजाऱ्याचें नांव माहीत करून घ्यावें. आपल्या बापजाद्यांच्या वाड्यांत ही गोष्ट सांगावी लागत नसे. लग्नांतील उंबराच्या पाण्याला, भाताच्या पहिल्या कणसांच्या आगेऱ्याला शेजारीपाजारी असत. आज वीस मजल्यांच्या इमारतींत समोरच्या दारावरील पाटी आपण वाचतों, माणूस वाचत नाहीं. नाताळांत एक ताट शेजारीं जाऊं द्या, आणि दिवाळीचें व ईदचें ताट आपल्या घरीं येऊं द्या. संकटाच्या रात्रीं जो मदतीस धांवतो, तो त्या रात्रीं नव्यानें ओळखीचा होत नसतो. ती ओळख आधींच्या दहा वर्षांच्या ताटांनीं झालेली असते.

आणि कोणी आपल्यावर अन्याय केला तर? तर गप्प बसावें, असें मी म्हणत नाहीं. ह्या देशाच्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें प्रत्येकाला सद्सद्विवेकाचें व धर्माचरणाचें स्वातंत्र्य दिलें आहे. तें हक्कानें, कायद्यानें, ताठ मानेनें मागावें. पण दुसऱ्या कोणाचा तोच हक्क हिरावला जात असतां आपण मूग गिळून बसलों, तर आपली मागणी आपल्या हक्कापुरती उरते, न्यायाची राहत नाहीं. आपल्या गळ्यांतील क्रूस झांकावा कीं दिसूं द्यावा, असें विचारणाऱ्या त्या मुलीला मी एवढेंच सांगेन: बाळ, तो दिसूं दे, आणि तो घालणारी मुलगी संकटांत हांक मारावी अशी आहे, हेंही गाडींतल्या लोकांना दिसूं दे.

बंधुभगिनींनो, ह्या देवळाचा महोत्सव आपण रोषणाईनें व गायनानें साजरा करीत आहों, हें योग्यच आहे. परंतु हीं वर्षें मोजतांना आपण भिंतींचें वय मोजीत नाहीं. कोंडिविट्याच्या भिंती आपल्याहून वयानें कितीतरी मोठ्या आहेत. आपण मोजतों तीं वर्षें, कीं ज्यांत कोणीतरी रोज सकाळीं हें दार उघडलें, घंटा वाजविली, आणि जो आला त्याला आंत घेतलें.

भयभीत शिष्यांमध्यें येऊन उभा राहिलेला प्रभु आपल्याही घरांत येऊन उभा राहो. त्याची शांति आपल्याला लाभो, त्याच्या घावांवरून दुसऱ्यांचे घाव ओळखण्याची दृष्टि आपल्याला मिळो, आणि तो आपल्याला जेथें पाठवील तेथें जाण्याचें धैर्य देवमाता मारियेच्या विनंतीनें आपल्याला प्राप्त होवो. आमेन.